सिस्प्लाटिन + कर्क्युमिन, ए५४९ पेशी: सीआय एकदा ०.३, पुढच्या वेळी १.६. चूक नेमकी कुठे?

जैवतंत्र_विद्यार्थिनी

नमस्कार. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ए५४९ पेशींवर सिस्प्लाटिन (प्लॅटिनमचं केमो-औषध) आणि कर्क्युमिन (हळदीतला घटक) ही जोडी तपासते आहे. दोन्ही मिळून अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम (सिनर्जी) देतात का, ते सीआय या निर्देशांकावरून बघते: १ पेक्षा कमी म्हणजे सिनर्जी, जास्त म्हणजे औषधं एकमेकांना अडवतात. पद्धत अशी आहे.

९६-वेल (छोट्या खळग्यांची) प्लेट, दर वेलमध्ये १०,००० पेशी. २४ तासांनी दोन्ही औषधं एकदम. दोन्हींचे स्टॉक (मूळ घट्ट द्रावणं) डीएमएसओ या द्रावकात, १० मिलिमोलर, उणे २० अंशांवर ठेवलेले. मात्रा दर पायरीला दुप्पट, ८ × ८ ची चौकट, कडेच्या वेल्सही वापरलेल्या. ४८ तासांनी त्याच मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) एमटीटी (जिवंत पेशी मोजणारी रंगचाचणी), ४ तास ठेवून डीएमएसओत विरघळवलं आणि ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं. सीआय कॉम्प्युसिन या सॉफ्टवेअरमधून काढला.

अडचणी अशा:

१. सीआय एका प्रयोगात बहुतेक ठिकाणी ०.३ च्या आसपास, तर पुढच्यात १.६.
२. एकट्या सिस्प्लाटिनची आयसी५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा) तीन प्रयोगांत अनुक्रमे १८, ४१ आणि ६५ मायक्रोमोलर आली. वर-खाली होत नाही, वाढतच चालली आहे.
३. कर्क्युमिन ४० मायक्रोमोलरला सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच पेशी गोल होऊन सुटलेल्या दिसतात, पण एमटीटीप्रमाणे ७० टक्के जिवंत आहेत.
४. सर्वांत जोरदार सिनर्जी, सीआय ०.०८, दिसते ती सर्वांत कमी मात्रांच्या कोपऱ्यात. तिथे परिणाम जेमतेम ४ टक्के आहे.

सॉफ्टवेअर बदलून पाहू का? बहुतेक लेखांत सिनर्जीच दाखवलेली असते, मग माझ्याकडे असं का होतंय?

---

औषध_रसायन

सॉफ्टवेअर तूर्त बाजूला ठेवा. तुमचा दुसरा मुद्दाच सगळं सांगतो आहे: आयसी५० सतत वाढते म्हणजे बाटलीतलं औषध मरत चाललंय. सिस्प्लाटिन डीएमएसओमध्ये ठेवायचंच नाही.

कारण असं. सिस्प्लाटिनमध्ये प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड जोडलेले असतात. बाहेर, रक्तात किंवा मीडियममध्ये, क्लोराइड भरपूर असतं म्हणून रेणू टिकून राहतो. पेशीत शिरल्यावर क्लोराइड कमी मिळतं, पाण्याचे रेणू क्लोराइडची जागा घेतात आणि मग प्लॅटिनम डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटतं. डीएमएसओमधलं गंधक हेच काम बाटलीतच करून टाकतं. ते क्लोराइडला हटवून प्लॅटिनमला धरून बसतं, आणि जो रेणू तयार होतो तो सिस्प्लाटिन राहत नाही. स्टॉक जितका जुना तितकं औषध कमी. १८, ४१, ६५ हा त्याचाच आलेख आहे.

करायचं काय: ०.९ टक्के सलाइनमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असा स्टॉक करा, म्हणजे ३.३३ मिलिमोलर. रेणूभार ३०० धरा. विरघळायला वेळ लागतो, हलकं कोमट करून व्हॉर्टेक्स करा. सलाइनच वापरा, साधं पाणी नको. क्लोराइड असेल तरच रेणू शाबूत राहतो. प्रकाशापासून जपा. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत ते खाली बसतं, आणि वरचं नितळ द्रावण तुम्ही पूर्ण ताकदीचं समजून वापरता. सर्वांत बरं म्हणजे त्या दिवशीचं त्या दिवशी करायचं.

सर्वांत वरची मात्रा २० मायक्रोमोलर पुरे. ती चौपट करून घालायची असेल तर १ मिलिलिटरमध्ये २४ मायक्रोलिटर स्टॉक म्हणजे ८० मायक्रोमोलर. पुढच्या पायऱ्या २.४ टक्के सलाइन घातलेल्या मीडियममध्ये करा, म्हणजे सगळ्या वेल्समध्ये सलाइन सारखं राहील.

आता कर्क्युमिन. बाटलीवर कर्क्युमिन लिहिलेलं असलं तरी बाजारात मिळणारी बरीचशी पूड तीन कर्क्युमिनॉइड्सचं मिश्रण असते. त्यात खरं कर्क्युमिन साधारण तीन चतुर्थांशच. बॅच बदलली की मोलॅरिटी बदलते. शुद्धता एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीने) तपासलेली घ्या आणि बॅच क्रमांक वहीत लिहा. स्टॉक डीएमएसओमध्ये ४० मिलिमोलर करा (१ मिलिलिटरला १४.७ मिलिग्रॅम), छोट्या ट्यूब्समध्ये वाटून उणे २० ला, अंधारात, आणि एकदा वितळवलेली ट्यूब परत गोठवू नका. पायऱ्या आधी डीएमएसओमध्येच पाडायच्या, मग प्रत्येक पायरीतून ४ मायक्रोलिटर १ मिलिलिटर मीडियममध्ये. असं केलं की सगळ्या वेल्समध्ये शेवटी डीएमएसओ ०.१ टक्केच राहतो, कंट्रोलमध्येही. मीडियममध्ये पायऱ्या पाडल्या तर वरच्या मात्रेला डीएमएसओ जास्त आणि खालच्या मात्रेला कमी असं होतं. मग तुम्ही दोन औषधं तपासताय असं वाटतं, प्रत्यक्षात तीन तपासता.

डीएमएसओ कमी ठेवण्याचं आणखी एक कारण: वेलमध्येही तो सिस्प्लाटिनला गाठू शकतो. म्हणून दोन्ही औषधं एका ट्यूबमध्ये आधी मिसळून ठेवू नका. वेलमध्ये वेगवेगळी घाला.

आणि कर्क्युमिन मीडियममध्ये टिकत नाही. सीरम नसेल तर शरीराच्या तापमानाला अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं. १० टक्के सीरम असेल तर बरंच सावकाश, तरी ८ तासांनी निम्मंच उरतं. तुमच्या ४८ तासांपैकी बहुतांश काळ पेशींना कर्क्युमिन मिळतच नाही. लेखात "४८ तास कर्क्युमिन" असं लिहिताना हे ध्यानात असू द्या. सीरमचं प्रमाण सगळ्या प्रयोगांत एकच ठेवा, नाहीतर आयसी५० त्यावरच नाचेल.

---

पेशी_संवर्धन

वरचं सगळं मान्य. प्लेटबद्दल आणि एमटीटीबद्दल मी लिहितो.

१०,००० पेशी फार झाल्या. ए५४९ साधारण एका दिवसात दुप्पट होतात. चिकटायला दिलेल्या पहिल्या २४ तासांत २०,०००, पुढच्या ४८ तासांत ८०,००० व्हायला हव्यात. ९६-वेलच्या तळाशी एवढ्या पेशींना जागाच नसते, साधारण निम्म्यातच तळ भरतो. म्हणजे कंट्रोलची वाढ मधेच थांबते, औषधाच्या वेलमधली मात्र चालू राहते, आणि औषध आहे त्यापेक्षा दुबळं दिसतं. शिवाय गच्च भरलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशींवर सिस्प्लाटिनचा परिणाम मुळातच कमी. २,००० पेशी टाका आणि ७२ तास चालवा. आधी एक प्लेट फक्त पेशींची करा: ५०० पासून २०,००० पर्यंत, आणि रीडिंग सरळ रेषेत कुठपर्यंत वाढतं ते बघा. तुमचा कंट्रोल शेवटच्या दिवशी त्या सरळ भागातच असला पाहिजे.

कडेच्या ३६ वेल्समध्ये पेशी नकोत. तिथलं पाणी उडतं, औषध घट्ट होतं. त्यात २०० मायक्रोलिटर पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) भरा. पेशी टाकल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये ढकलू नका; अर्धा-एक तास सपाट ओट्यावर राहू द्या. गरम शेल्फवर ठेवली की कडा आधी तापते, मीडियम फिरतं आणि पेशी वेलच्या एका बाजूला गोळा होतात. ढवळताना प्लेट गोल फिरवणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे, पेशी मध्यभागी जमतात. मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवा.

आतल्या ६० वेल्स अशा वापरा. ओळी बी ते जी, रकाने २ ते ११. रकाने २ ते ७ मध्ये ६ × ६ ची चौकट: एका बाजूने सिस्प्लाटिन ०, १.२५, २.५, ५, १०, २०. दुसऱ्या बाजूने कर्क्युमिन ०, २.५, ५, १०, २०, ४०. रकाने ८ आणि ९ मध्ये फक्त सलाइन + डीएमएसओ, म्हणजे १२ कंट्रोल. रकाना १० मध्ये पेशींशिवाय नुसतं मीडियम. रकाना ११ मध्ये पेशींशिवाय मीडियम आणि औषध, वरच्या मात्रा. वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमध्ये पेशी, वर ५० मायक्रोलिटर चौपट सिस्प्लाटिन, ५० मायक्रोलिटर चौपट कर्क्युमिन, एकूण २००. शून्य मात्रेच्या वेलला नुसतं वाहक द्रावण (औषधाविना सलाइन किंवा डीएमएसओ घातलेलं मीडियम) द्यायला विसरू नका. कर्क्युमिनचं चौपट द्रावण घालण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पिवळे स्फटिक दिसले तर मात्रा कागदावरच राहिली.

८ × ८ ची हौस करू नका. कडेच्या वेल्स सोडल्या तर ६० वेल्समध्ये ८ × ८ बसतच नाही, कंट्रोलला जागा तर दूरच, आणि कंट्रोल डळमळीत असला की चौकटीतला प्रत्येक आकडा डळमळतो.

रकाना ११ कशासाठी, हे तुमच्या तिसऱ्या मुद्द्यात आहे. एमटीटी ही पिवळी पूड, तिला जांभळं करणं हे क्षपण. पेशी ते करतात, पण अनेक वनस्पतिजन्य फिनॉलही पेशींवाचून ते करतात. शिवाय गोल होऊन मरू घातलेली पेशीही काही काळ क्षपण करत असते. म्हणून सूक्ष्मदर्शक एक सांगतो आणि एमटीटी दुसरं. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवा.

माझा सल्ला: या जोडीसाठी एमटीटी सोडा, एसआरबी (सल्फोरोडामाइन बी रंगाची चाचणी) करा. नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकमधली (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रातली) औषध-चाचणी सुविधाही एसआरबीच वापरते, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं ६० पेशीवंशांचं पॅनेल वर्षानुवर्षं यावरच चाललं. एसआरबी पेशींचं प्रथिन मोजतं, चयापचय नाही.

कृती: मीडियम न काढता प्रत्येक वेलमध्ये थंडगार ५० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल) ५० मायक्रोलिटर, म्हणजे २५० मध्ये १० टक्के. वेलच्या भिंतीवरून, अगदी हळू. पिपेटची धार थेट तळावर पडली तर पेशी स्थिर होण्याआधीच उखडतात, आणि वेलच्या मधोमध एक पांढरं वर्तुळ दिसतं. ती वेल बाद. ४ अंशांवर १ तास. नळाच्या सावकाश पाण्याने ४-५ वेळा धुवा, पालथी करून टिश्यूवर टिपा, पूर्ण वाळवा. धुणं कमी पडलं तर सीरमचं प्रथिन भिंतीवर राहतं आणि गुलाबी कडं उमटतं. मग १ टक्का ॲसिटिक आम्लात केलेलं ०.४ टक्के एसआरबी, वेलला १०० मायक्रोलिटर, ३० मिनिटं. १ टक्का ॲसिटिक आम्लानेच ४-५ धुणी, इथे पाणी नको, रंग सुटतो. परत वाळवा. १० मिलिमोलर ट्रिस बेस, पीएच १०.५, वेलला २०० मायक्रोलिटर, शेकरवर १० मिनिटं, ५१० ते ५४० नॅनोमीटरला रीडिंग.

पण कर्क्युमिन असल्याने इथेही एक खाच आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो ना, तेच इथे घडतं. ट्रिसचा पीएच १०.५ आहे, पेशींत अडकलेलं कर्क्युमिन त्यात लाल होतं आणि एसआरबीच्या रीडिंगमध्ये मिसळतं. म्हणून एक वेगळी छोटी प्लेट करा: पेशी + कर्क्युमिन, टीसीए, धुणी, ट्रिस, सगळं तसंच, फक्त एसआरबी घालायचं नाही. जे रीडिंग येईल ते त्या त्या मात्रेच्या आकड्यातून वजा करा.

औषध घालायच्या दिवशी एक प्लेट टीसीएने थांबवून ठेवा, ती शून्य वेळेची. तिच्याशिवाय वाढ थांबली की पेशी मेल्या हे सांगता येत नाही.

मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जीवाणू) तपासला नसेल तर हे सगळं करण्याआधी तो तपासा. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून आणलेली बाटली असली तरी तुमच्या प्रयोगशाळेत आल्यावर तिला काय लागलंय ते तुम्हालाच बघायचंय.

---

मात्रा_आलेख

चौथा मुद्दा गणिताचा आहे, आणि तो या विषयातला सर्वांत जास्त फसवणारा आहे.

सीआय ज्या चाऊ-तलाले पद्धतीने निघतो तीत परिणाम झालेला भाग भागिले न झालेला भाग, आणि त्याचा लॉग, असा आलेख असतो. ५० टक्क्यांच्या जवळ रीडिंग २ टक्क्यांनी चुकलं, ५० ऐवजी ४८ आलं, तर लॉग ०.०३५ ने हलतो. तुमच्या कोपऱ्यात ४ ऐवजी २ आलं तर तो उणे १.३८ वरून उणे १.६९ वर जातो, म्हणजे ०.३१ ने. चूक तेवढीच, धक्का नऊपट. आणि २ टक्के हा तर मल्टिचॅनल पिपेटचा रोजचा चढउतार. म्हणून तो ०.०८ तसाच सोडून द्या. ९७ टक्क्यांच्या वर हीच गोष्ट उलट दिशेने होते. परिणाम २० ते ९० टक्के असलेल्या वेल्सचेच सीआय वाचा आणि लेखात हे आधीच जाहीर करा.

सीआय म्हणजे काय ते एकदा हाताने करून पाहा. समजा ५० टक्के परिणामाला एकटं कर्क्युमिन १० लागतं, एकटं सिस्प्लाटिन ४. जोडीत तोच परिणाम ४ कर्क्युमिन आणि १ सिस्प्लाटिनने मिळाला. ४/१० + १/४ = ०.६५. एकपेक्षा कमी, म्हणजे सिनर्जी. आता बघा, भाजकात काय आहे? एकेकट्या औषधाची मात्रा. तुमची सिस्प्लाटिनची आयसी५० डीएमएसओमुळे तिप्पट फुगली की सिस्प्लाटिनचा अपूर्णांक एक तृतीयांश होतो. जुनी आयसी५० आणि नवी प्लेट एकत्र केली तर वाटेल तो सीआय काढता येतो. ०.३ आणि १.६ मधला फरक बहुतेक इथूनच आला असणार. एकटी औषधं आणि जोडी एकाच प्लेटवर, त्याच दिवशी, त्याच स्टॉकने, हा नियम कधीच मोडू नका.

सिनर्जी मोजायची ब्लिस पद्धत वेगळी. दोन औषधं स्वतंत्रपणे काम करतात असं धरून अपेक्षित परिणाम काढायचा. एक ३० टक्के, दुसरं ४०: ०.३ + ०.४ − ०.१२ = ५८ टक्के. जोडीने ७० दिले तर १२ ची बढती. सोपी आहे, पण तिलाही खोड आहे. ती पाहायची असेल तर सिस्प्लाटिनबरोबर सिस्प्लाटिनच "जोडा". समजा आलेखाचा चढ २ आहे. आयसी५० च्या निम्म्या मात्रेला परिणाम २० टक्के येतो. निम्मी अधिक निम्मी याला ब्लिस म्हणेल ०.२ + ०.२ − ०.०४ = ३६ टक्के. प्रत्यक्षात पूर्ण आयसी५० पडली, म्हणून ५० येणार. औषधाची स्वतःशीच १४ टक्क्यांची सिनर्जी! लोवेच्या गणितात (मात्रांची बेरीज धरणाऱ्या मॉडेलात), आणि सीआयमध्येही, हे बरोबर १ येतं. म्हणून दर वेळी एक प्लेट अशी स्वतःशी-स्वतःची ठेवा. त्या प्लेटवर सीआय जेवढा १ च्या आजूबाजूला भटकतो तेवढी तुमच्या हाताची आणि यंत्राची धूसरता. ०.८ ते १.२ भटकत असेल तर खऱ्या जोडीचा ०.८५ सिनर्जी म्हणून मांडू नका.

सिनर्जीफाइंडर हे सॉफ्टवेअर वापरून पाहा, पण ब्लिस, लोवे आणि झिप (आणखी एक मॉडेल) तिन्ही काढा, आणि तिन्ही एकाच दिशेला बोलतात का ते बघा. एकच मॉडेल हो म्हणत असेल तर लेखात तसं लिहा.

सरासरी काढताना सीआयचा लॉग घ्या. ०.५ आणि २ यांची साधी सरासरी १.२५ येते, म्हणजे औषधं एकमेकांना अडवतात असं दिसेल. लॉगची सरासरी १ येते, आणि तेच बरोबर आहे. आणि एका प्लेटवरच्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळा दिवस, पेशींचं वेगळं पॅसेज (नव्याने वाढवलेली पिढी), नव्याने केलेलं द्रावण, असे तीन.

---

जैवतंत्र_विद्यार्थिनी

खूप आभार. सिस्प्लाटिन सलाइनमध्ये करून सगळं पुन्हा लावते आहे. दोन शंका: दोन्ही औषधं एकदम द्यावीत की मागेपुढे? आणि सिनर्जी खरीच निघाली तर पुढे काय दाखवावं लागेल?

---

औषध_रसायन

तिन्ही क्रम करा: एकदम; आधी कर्क्युमिन मग सिस्प्लाटिन; आणि उलट. मधलं अंतर २४ तास ठेवा, पण एकूण वेळ सारखीच. क्रमाने निकाल उलटू शकतो, याचं नेहमीचं उदाहरण पालबोसिक्लिब आणि पॅक्लिटॅक्सेलचं. पालबोसिक्लिब पेशीला जी१ मध्येच (विभाजनाच्या तयारीच्या पहिल्या टप्प्यात) थांबवतं. पॅक्लिटॅक्सेल मारतं ती विभाजनात असलेल्या पेशीला. पहिलं आधी दिलं की दुसऱ्याला मारायला पेशीच मिळत नाही. तुमच्या जोडीत कर्क्युमिन पेशीतल्या ग्लुटाथायोनला चिकटून त्याचा साठा घटवू शकतं, आणि ग्लुटाथायोन तर सिस्प्लाटिनला निकामी करतं. तसं असेल तर आधी कर्क्युमिन हा क्रम सरस ठरायला हवा. एन-ॲसिटिल सिस्टीन (ग्लुटाथायोनचा साठा भरून काढणारं द्रव्य) घालून तो फायदा नाहीसा होतो का ते तपासा. मात्र एक धोका आहे: एन-ॲसिटिल सिस्टीन स्वतःच सिस्प्लाटिनशी मीडियममध्ये जुळतं. ते आधी देऊन, पेशी धुऊन, मग सिस्प्लाटिन घाला.

पुढच्या पुराव्यासाठी वसाहतींची चाचणी हवीच. ६-वेलमध्ये वेलला ३०० पेशी, २४ तास औषध, धुऊन नवं मीडियम, १० ते १४ दिवस न हलवता. मिथेनॉलने स्थिर करून ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेट. ५० किंवा जास्त पेशींचीच वसाहत मोजायची. ७२ तासांत थबकलेल्या पेशी इथे परत वाढताना सापडतात, आणि अनेक "सिनर्जी" इथेच गळतात. सोबत एमआरसी-५ सारख्या साध्या, कर्करोग नसलेल्या फुफ्फुसपेशींवर तीच चौकट लावा. तिथेही सीआय तेवढाच खाली आला तर जोडी विष म्हणून चांगली आहे, औषध म्हणून नाही.

मात्रेचंही भान असू द्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने देऊन रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी सुमारे १.८ मायक्रोमोलर मिळाली. तुमची सिनर्जी २० आणि ४० लाच दिसत असेल तर लेखात ते उघड लिहा. असे निकाल वाचून केमो चालू असताना स्वतःच्या मनाने हळदीच्या कॅप्सूल सुरू करणारे रुग्ण असतात, आणि ते चौकटीतले आकडे बघत नाहीत, फक्त शीर्षक बघतात.

---

पेशी_संवर्धन

एक राहिलं. सिस्प्लाटिनचं उरलेलं द्रावण, टिप्स आणि औषध मिसळलेलं मीडियम सिंकमध्ये टाकू नका. पिवळी पिशवी, त्यावर सायटोटॉक्सिकचं चिन्ह, आणि ते जाळायलाच गेलं पाहिजे. तोलताना नायट्राइलचे दोन जोड हातमोजे घाला, पूड हुडमध्येच उघडा.

पहिल्या फेरीत कर्क्युमिन लावूच नका. नव्या सलाइन स्टॉकने एकट्या सिस्प्लाटिनची प्लेट तीन वेगवेगळ्या दिवशी लावा. आयसी५० एकमेकींच्या दुपटीच्या आत राहिली, तर चौथ्या दिवशी चौकट.